वनस्पती अर्क व सुगंधी तेले: भेंडी, काकडी आणि भाताच्या रोगांवर ती कितपत चालतात?

भाताची कापणी झाली की शहापूर, मुरबाड, कल्याण आणि भिवंडी तालुक्यांत पाण्याची सोय असलेल्या शेतांत भेंडी, काकडी, चवळी आणि वालाची तयारी सुरू होते. यातली भेंडी कल्याणच्या बाजार समितीत जाते, वाशीला जाते आणि चांगली प्रतवारी केलेली परदेशातही जाते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे दव आणि दुपारचे कोरडे ऊन अशी जोडी जमली की पानांवर भुरी दिसू लागते. नेमक्या त्याच दिवसांत ‘हर्बल बुरशीनाशक’, ‘नैसर्गिक तेलांचे मिश्रण’, ‘अर्क’ अशा नावांच्या बाटल्या गावात फिरतात. विक्रेत्याचे म्हणणे ठरलेले असते: प्रयोगशाळेत सिद्ध झालेले आहे, अवशेष राहत नाहीत, तोडणीच्या आदल्या दिवशी फवारले तरी चालते.

यातला पहिला दावा अनेकदा खरा असतो. दुसरा आणि तिसरा तपासल्याशिवाय मानू नयेत. आणि पहिला खरा असला तरी त्यावरून शेतात काय होईल हे थेट कळत नाही. प्रयोगशाळेतला निष्कर्ष कसा वाचायचा हे समजले तर बाटली घ्यायची की नाही, हे शेतकरी स्वतः ठरवू शकतो.

अर्क वेगळा, तेल वेगळे

बोलताना आपण दोन्हींना ‘अर्क’ म्हणतो, पण त्यांत मोठा फरक आहे. पाला, बी किंवा साल पाण्यात, गोमूत्रात किंवा अल्कोहोलमध्ये भिजवून जे उतरते तो अर्क. त्यात टॅनिन, फ्लॅव्होनॉइड, अल्कलॉइड, सॅपोनिन अशी शेकडो द्रव्ये असतात आणि सोबत साखर, प्रथिने, हरितद्रव्यही येते. सुगंधी तेल हे वाफेच्या ऊर्ध्वपातनाने काढतात. त्यात फक्त उडून जाणारी, वास असलेली द्रव्ये येतात. गवती चहाच्या तेलात ७० ते ८० टक्के सिट्रल असते, लवंगेच्या तेलात मुख्यतः युजेनॉल, ओव्याच्या तेलात थायमॉल, निलगिरीत सिनिओल, रोशा गवताच्या तेलात जिरॅनिऑल. दालचिनीचे उदाहरण आपल्या कोकणातले आहे. सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड जास्त, तर त्याच झाडाच्या पानांच्या तेलात युजेनॉल जास्त. झाड एक, पण तेले दोन.

निंबोळी तेल आणि करंज तेल या दोन्ही प्रकारांत बसत नाहीत. ती घाण्यातून काढलेली स्थिर तेले आहेत, उडून जाणारी नाहीत. हा फरक पुढे भुरीच्या बाबतीत महत्त्वाचा ठरतो.

एकाच नावाच्या तेलातही फरक पडतो. तुळशीच्या काही वाणांच्या तेलात युजेनॉल प्रमुख असते, तर काहींत मिथाइल युजेनॉल किंवा मिथाइल चॅव्हिकॉल. कापणीचा महिना, पाला वाळवण्याची पद्धत, ऊर्ध्वपातनाचा वेळ यांनीही घटक बदलतात. म्हणून ‘तुळशीचे तेल बुरशीवर चालते’ या वाक्याला घटकांच्या विश्लेषणाशिवाय फारसा अर्थ नाही. विक्रेत्याकडे जीसी-एमएस अहवाल मागावा. नसेल तर आपण वास विकत घेतो आहोत असे समजावे.

सूक्ष्मजीवावर परिणाम कसा होतो

सुगंधी तेलांचे घटक स्निग्धप्रेमी असतात. बुरशीच्या किंवा जिवाणूच्या पेशीपटलात ते घुसतात, पटल सैल पडते, आतले पोटॅशियमसारखे आयन बाहेर झिरपतात आणि पेशीचे ऊर्जेचे काम थांबते. थायमॉल, युजेनॉल यांसारखी फिनॉल गटातली द्रव्ये या कामात सर्वांत प्रभावी. एका ठरावीक एन्झाइमवर घाव न घालता ती पूर्ण पटलावर परिणाम करतात, त्यामुळे रोगकारकात प्रतिकारशक्ती तयार होण्याची शक्यता एकाच ठिकाणी काम करणाऱ्या बुरशीनाशकांपेक्षा कमी मानली जाते. संशोधकांना या तेलांत रस असण्याचे हे मोठे कारण आहे.

पण पटल फक्त बुरशीलाच असते असे नाही, पानालाही असते. जे तेल बुरशीचे पटल फोडते ते जास्त मात्रेत भेंडीच्या पानाचेही फोडते. लवंग तेल परदेशात तणांची पाने जाळण्यासाठी वापरतात, ते याच गुणामुळे. बुरशी मरते ती मात्रा आणि पान भाजते ती मात्रा, या दोहोंत किती अंतर आहे, हा खरा प्रश्न. काकडी, दोडका, कारले यांच्या कोवळ्या पानांवर हे अंतर फार थोडे असते.

बशीतले वर्तुळ

वनस्पती अर्कांची सूक्ष्मजीवरोधक क्षमता हा आपल्याकडच्या महाविद्यालयांत नेहमीचा प्रकल्प-विषय आहे. कल्याण, डोंबिवली आणि ठाण्याच्या कोणत्याही चांगल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात हा प्रयोग करता येतो, कारण साहित्य थोडे लागते. आगरच्या बशीवर जिवाणू पसरवतात, मध्ये अर्कात बुडवलेली कागदी चकती ठेवतात किंवा खळगा करून त्यात अर्क भरतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जिवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसते. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. बाटलीसोबतच्या पत्रकावर छापलेला फोटो बहुधा या वर्तुळाचाच असतो.

हे वर्तुळ वाचताना काही गोष्टी पाहाव्यात. चकतीचा स्वतःचा व्यास साधारण ६ मिलिमीटर असतो. त्यामुळे ‘८ मिलिमीटर प्रतिबंध’ म्हणजे चकतीच्या कडेला एकेक मिलिमीटर, जवळजवळ काहीच नाही. तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते आगरमध्ये नीट पसरत नाही. वर्तुळ लहान दिसले म्हणजे तेल कमकुवत असे होत नाही, आणि दोन तेलांची तुलना केवळ वर्तुळांवरून करता येत नाही. त्यासाठी द्रव माध्यमात मात्रा निम्मी-निम्मी करत सर्वांत कमी प्रतिबंधक मात्रा काढावी लागते. तिला एमआयसी म्हणतात. अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल तर नुसत्या अल्कोहोलची चकतीही शेजारी हवी. ती नसेल तर वर्तुळ अर्काचे की अल्कोहोलचे हे सांगता येत नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे बशीत कोणता जिवाणू वाढवला होता? बहुतेक प्रकल्पांत स्टॅफिलोकोकस, बॅसिलस, ई. कोलाय हे असतात, कारण ते सहज मिळतात आणि विषय माणसाच्या आरोग्याचा असतो. स्टॅफिलोकोकस व बॅसिलस ग्रॅम-पॉझिटिव्ह आहेत. त्यांना बाहेरचे जादा पटल नसते आणि वनस्पतिजन्य द्रव्यांपुढे ते लवकर हार मानतात. पिकांवर रोग आणणारे झॅन्थोमोनास, राल्स्टोनिया, स्यूडोमोनास हे ग्रॅम-निगेटिव्ह आहेत. त्यांचे बाहेरचे पटल अशा द्रव्यांना अडवते. म्हणून स्टॅफिलोकोकसवरचे २० मिलिमीटरचे वर्तुळ भातावरच्या कडा करप्याबद्दल काहीही सांगत नाही.

बुरशींच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. भुरी, केवडा आणि तांबेरा यांच्या बुरशी जिवंत पानावरच जगतात, आगरवर वाढतच नाहीत. ‘आमचे तेल भुरीवर बशीत तपासले’ असे कोणी म्हणाले तर पुढचे ऐकण्याची गरज नाही. बशीत तपासता येतात त्या फ्युजारियम, अल्टरनेरिया, कोलेटोट्रिकम, ॲस्परजिलस यांसारख्या बुरशी. भुरीसाठी तोडलेली पाने ओलसर पेटीत जिवंत ठेवून किंवा कुंडीतल्या झाडांवरच चाचणी करावी लागते.

उलटही घडते. जायंट नॉटवीड या झाडाचा अर्क परदेशात काकडीवरील भुरीसाठी विकला जातो. त्याचे मुख्य काम बुरशीला मारणे हे नाही. तो झाडाची स्वतःची संरक्षणव्यवस्था जागी करतो. असा अर्क केवळ बशीवर पारखला असता तर बहुधा बाद झाला असता.

बशीवरून एकरावर: हिशेब करून पाहा

समजा, एखाद्या पाल्याच्या अर्काची एमआयसी २५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर निघाली. शोधनिबंधांत असे आकडे सर्रास दिसतात आणि निष्कर्षात ‘चांगली क्षमता’ असे लिहिलेले असते. २५ मिलिग्रॅम प्रति मिलि म्हणजे अडीच टक्के द्रावण. एकरी २०० लिटर पाणी धरले तर ५ किलो कोरडा अर्क लागला. वाळलेल्या पाल्यातून १० टक्के अर्क उतरतो असे धरा, तर ५० किलो वाळलेला पाला. ओला पाला वाळून चौथाई होतो असे धरले तर २०० किलो ओला पाला. एका फवारणीला, एका एकराला.

आता गवती चहाचे तेल घेऊ. समजा एमआयसी १ मिलिग्रॅम प्रति मिलि. २०० लिटरला २०० ग्रॅम तेल. ओल्या गवतातून ०.४ टक्के तेल उतरते असे धरल्यास ५० किलो गवत. हे आवाक्यातले दिसते. पण बशीवर झाकण असते, तेल २४ तास जिवाणूच्या सहवासात राहते. मार्चमध्ये मुरबाडच्या उघड्या शेतात दुपारी फवारलेले तेल पानावर किती वेळ टिकेल? वास येतो आहे म्हणजे तेल उडून चालले आहे. म्हणून शेतात मात्रा वाढवावी लागते, आणि मात्रा वाढवली की पान भाजण्याची मर्यादा जवळ येते.

हा पेच सोडवण्याचे काम जगात झाले आहे. थायमॉल, युजेनॉल आणि जिरॅनिऑल ही तीन द्रव्ये यीस्टच्या रिकाम्या पेशीभित्तीत बंदिस्त करून द्राक्षातल्या करड्या बुरशीसाठी युरोपात वापरतात. ओलावा मिळाला की द्रव्य हळूहळू बाहेर पडते. बुरशीलाही वाढायला ओलावाच लागतो, त्यामुळे वेळ जुळते. या तीनही द्रव्यांना युरोपीय संघाने २०१३ मध्ये मान्यता दिली. टी-ट्री तेलावर आधारित बुरशीनाशक इस्राएलमध्ये विकसित झाले आणि केळीच्या सिगाटोका करप्यावर वापरले जाते. म्हणजे तेले शेतात चालतात, पण त्यामागे योग्य मिश्रण, कण आकार आणि टिकवण्याचे तंत्र असते. घरी लवंग तेल साबणाच्या पाण्यात ढवळून तोच परिणाम मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

निंबोळी तेल आणि पुणे-सांगलीच्या चाचण्या

वनस्पतिजन्य बुरशीनाशकाचे सर्वांत गाजलेले प्रकरण आपल्या राज्याशी जोडलेले आहे. निंबोळीच्या जलविरोधी तेलाने बुरशीचे नियंत्रण करण्याच्या पद्धतीवर अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना १९९४ मध्ये युरोपीय पेटंट मिळाले होते. वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या मॅग्डा आल्व्हूट आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना आयफोम यांनी त्याला हरकत घेतली. सुनावणीत पुण्याच्या एका निविष्ठा कंपनीच्या व्यवस्थापकांनी साक्ष दिली की १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर निंबोळी तेलाच्या अशा चाचण्या झाल्या होत्या. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि मार्च २००५ मध्ये त्यावरचे अपीलही फेटाळले गेले.

हे प्रकरण परंपरागत ज्ञानाच्या हक्कासाठी सांगितले जाते, ते योग्यच आहे. पण कृषी सल्लागार म्हणून मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची वाटते. चाचण्या शेतावर झाल्या होत्या आणि त्यांची माहिती पुढे मांडता आली, म्हणून साक्षीला वजन आले. शिवाय ते पेटंट अझाडिरॅक्टिनवर नव्हते, तेलावर होते. निंबोळीतले अझाडिरॅक्टिन मुख्यतः किडींवर काम करते: खाणे थांबवते, कात टाकण्यात अडथळा आणते. बुरशीवर, विशेषतः भुरीवर, काम करतो तो तेलाचा भाग. त्यामुळे अझाडिरॅक्टिनचे पीपीएम जास्त म्हणून महागडी बाटली भुरीसाठी घेणे चुकीचे आहे. ५ टक्के निंबोळी अर्क हा मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यासाठी चांगला, पण पाण्यात काढलेल्या अर्कात तेल कमी उतरते आणि भुरीवर त्याचा परिणाम मर्यादित राहतो.

भेंडीवर प्रत्यक्ष वापर

भुरीसाठी निंबोळी तेल प्रतिबंधक म्हणूनच वापरावे. खालच्या पानांवर पहिले पांढरे ठिपके दिसताच सुरुवात करावी. निम्मे पान पांढरे झाल्यावर तेलाने काही साधत नाही. १५ लिटरच्या पंपाला ७५ मिलि तेल, म्हणजे ०.५ टक्के, ही सुरुवातीची मात्रा. तेल आधी थोड्या कोमट पाण्यात साबण किंवा चांगल्या इमल्सीफायरसोबत दुधासारखे होईपर्यंत घोटावे, मग पंपात ओतावे. पाण्यावर तवंग दिसत असेल तर ते फवारू नये, कारण शेवटच्या दोन-तीन लिटरमध्ये सगळे तेल एकत्र येते आणि तिथली झाडे भाजतात. विंधन विहिरीच्या जड पाण्यात साबण फाटतो. अशा वेळी इमल्सीफायर असलेले तयार तेलच घ्यावे.

फवारणी सायंकाळी करावी. ऊन आणि तेल एकत्र आले की पाने भाजतात, शिवाय अतिनील किरणांनी अझाडिरॅक्टिनही लवकर विघटित होते. पानाची खालची बाजू भिजली पाहिजे. गंधकाची फवारणी झाली असेल तर तेलाआधी किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत, तेलानंतर गंधक मारायचे असेल तरी तेवढेच. हा नियम मोडल्याने भाजलेले प्लॉट या पट्ट्यात दर हंगामात पाहायला मिळतात आणि दोष बाटलीवर जातो.

कडुनिंब आपल्याकडे घाटावर दिसतो तितका नाही आणि जे आहेत त्यांच्या निंबोळ्या पावसाच्या तोंडावर पिकतात. ओलसर हवेत वाळवलेल्या बियांवर ॲस्परजिलस वाढते. काळी-हिरवी बुरशी लागलेल्या बियांचा अर्क काढू नये. घाटावरून बी आणायचे तर ते सावलीत वाळलेले आहे का, हे फोडून पाहावे. आतला गर हिरवट-पिवळा असावा, तपकिरी नव्हे. करंज मात्र खाडीकाठी, ओढ्याकाठी भरपूर आहे. करंज तेलही कीड व काही बुरशींवर उपयोगी आहे, त्याची मात्रा निंबोळी तेलासारखीच धरून आधी चार-पाच झाडांवर पाहावी.

पिवळ्या शिरांच्या रोगाबद्दल एक वाक्य पुरे. तो विषाणू आहे, झाडात शिरल्यावर कोणताही अर्क किंवा तेल तो काढू शकत नाही. निंबोळी अर्काने पांढरी माशी कमी होते, प्रसार मंदावतो, एवढाच त्याचा उपयोग. रोगट झाड उपटावे.

भातावरील कडा करपा आणि प्रतिजैविकांचा प्रश्न

जिवाणूजन्य रोगांवर शेतकरी वर्षानुवर्षे स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनचे मिश्रण वापरत आले. डाळिंबाच्या तेल्यावर घाटावर त्याचा बराच वापर झाला, आपल्याकडे कडा करप्यावर. ही माणसांच्या उपचारातली औषधे आहेत आणि शेतातल्या वापराने जिवाणूंत प्रतिकारशक्ती वाढण्याचा धोका आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये या मिश्रणावर बंदी आणण्यासाठी आदेशाचा मसुदा काढला. त्यामुळे पर्याय म्हणून वनस्पती अर्कांकडे नजर जाणे साहजिक आहे.

पण वर सांगितलेले ग्रॅम-निगेटिव्हचे कारण इथे आडवे येते. त्यातच जिवाणू पानाच्या नळ्यांत असतो, वरून फवारलेले तेल तिथे पोचत नाही. पावसाळ्यात फवारा टिकतही नाही. कडा करप्यासाठी आज तरी सहनशील वाण, नत्राचे हप्ते, आणि रोगट खाचरातले पाणी शेजारच्या खाचरात न सोडणे हेच खरे उपाय आहेत. वाणाबाबत कर्जतचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र जवळचे आहे.

दशपर्णी अर्क: काय विसरले जाते

कडुनिंब, करंज, निर्गुडी, घाणेरी, रुई, कण्हेर, एरंड, पपई, सीताफळ, गुळवेल यांचा पाला शेण आणि गोमूत्रासोबत २०० लिटर पाण्यात महिनाभर कुजवून दशपर्णी करतात. किडींना परावृत्त करण्यासाठी तो उपयोगी पडतो, असा अनेकांचा अनुभव आहे. मात्र दोन बाबी फारशा बोलल्या जात नाहीत. कण्हेरीत हृदयावर परिणाम करणारी विषे असतात, म्हणून अर्क करताना हातमोजे घालावेत आणि पिंप मुलांपासून दूर ठेवावे. दुसरी बाब अशी की महिनाभर शेणात कुजलेले द्रावण हे स्वतःच जिवाणूंनी भरलेले असते. ते काकडी, कोथिंबीर, टोमॅटो अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांवर तोडणीच्या दिवसांत फवारणे म्हणजे ई. कोलाय ताटात पोचवणे. अशा पिकांवर तो फुलोऱ्याआधीच वापरावा. भेंडी दिवसाआड तोडली जाते, तेव्हा तिथेही तोडणी सुरू झाल्यावर थांबावे.

याच ओघात ठाणे-डोंबिवलीच्या ग्राहकांकडून वारंवार येणारा प्रश्न: रुळालगत नाल्याच्या पाण्यावर वाढलेल्या पालेभाज्या हळदीच्या किंवा तेलाच्या पाण्यात धुतल्या तर चालतील का? पानावरच्या जिवाणूंची संख्या काही प्रमाणात कमी होईल, पण मुळांतून वर आलेले जड धातू कोणत्याही अर्काने धुतले जात नाहीत. तो पाण्याचा प्रश्न आहे, तो धुण्याने सुटत नाही.

तेल जिथे शोभते: बंद जागा

शेतात जो दोष, तो कोठीत गुण. उडून जाणारे तेल बंद डब्यात, बंद पिंपात सगळीकडे पसरते आणि टिकते. म्हणून सुगंधी तेलांचे सर्वांत खात्रीचे काम साठवण आणि काढणीपश्चात प्रक्रियेत झाले आहे. बटाट्याला कोंब येऊ नयेत म्हणून शहाजिऱ्यातल्या कार्व्होनचा आणि पुदिन्याच्या तेलाचा वापर युरोपात झाला आहे. फळांवरच्या कुजीसाठी थायमॉलच्या वाफेवर बरेच प्रयोग झाले आहेत. आपल्याकडे वाल, चवळीचे बियाणे ठेवताना याचा विचार करता येतो, मात्र सुगंधी तेलाची जास्त मात्रा बियाण्याची उगवण कमी करते. पेरणीचे बी असेल तर आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहावी. खाण्याच्या कडधान्याला किलोला ५ मिलि खाद्यतेल चोळणे हा जुना उपाय भुंग्यासाठी पुरेसा आहे.

लेबल वाचताना

रोग किंवा कीड नियंत्रणाचा दावा करणारे कोणतेही उत्पादन, मग ते वनस्पतिजन्य असो, १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदलेले असावे लागते आणि बाटलीवर नोंदणी क्रमांक असावा लागतो. जैव उत्तेजकांना २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात स्थान मिळाले आहे, पण जैव उत्तेजक म्हणून नोंदलेल्या बाटलीवर ‘भुरी घालवते’ असे लिहिता येत नाही. दावा रोगाचा आणि नोंदणी उत्तेजकाची असेल, किंवा नोंदणीच नसेल, तर बाटली परत करावी.

निर्यातीच्या भेंडीसाठी हा मुद्दा थेट पैशाचा आहे. युरोपीय संघाने भारतीय भेंडीला कीडनाशक अवशेषांसाठी वाढीव तपासणीच्या यादीत ठेवलेले आहे. ‘अर्क’ म्हणून विकल्या गेलेल्या बाटलीत लेबलवर न लिहिलेले रासायनिक कीडनाशक मिसळलेले असण्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. अशा बाटलीचा परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसतो, आणि खरे तर तीच संशयाची खूण आहे. वनस्पती अर्क सहसा इतक्या झपाट्याने काम करत नाही. नमुन्यात अवशेष सापडला तर माल अडतो आणि व्हेजनेटवर ज्याच्या शेताची नोंद आहे त्याच्याकडे बोट जाते. विक्रेता तोवर पुढच्या गावात असतो. शिवाय अझाडिरॅक्टिनलाही युरोपात अवशेष मर्यादा ठरलेली आहे. वनस्पतिजन्य म्हणजे अवशेषमुक्त ही समजूत कागदावर टिकत नाही. पक्की पावती आणि बॅच क्रमांकाचा फोटो हंगाम संपेपर्यंत जपावा.

आपल्या शेतात पारखण्याची पद्धत

नवे उत्पादन पूर्ण प्लॉटवर मारण्याआधी पाच झाडांवर फवारून ४८ तास थांबावे. पानांच्या कडा तपकिरी झाल्या, कोवळे शेंडे वळले तर मात्रा निम्मी करावी किंवा विषय सोडावा.

त्यानंतर भेंडीच्या सहा पट्ट्या निवडाव्यात, प्रत्येकी चार ओळींच्या. दोन पट्ट्यांवर नवे तेल, दोन पट्ट्यांवर फक्त तेवढ्याच साबणाचे पाणी, दोन पट्ट्यांवर काहीच नाही. पट्ट्या एकाआड एक असाव्यात, सगळ्या चांगल्या जमिनीच्या बाजूला घेऊ नयेत. साबणाच्या पट्ट्या ठेवण्यामागे कारण आहे: नुसत्या साबणानेही भुरी आणि पांढरी माशी थोडीफार कमी होते आणि त्याचे श्रेय तेलाला जाते. प्रयोगशाळेतली नुसत्या अल्कोहोलची चकती जे काम करते तेच काम या पट्ट्या करतात. आठवड्याच्या अंतराने दोन फवारण्या झाल्यावर प्रत्येक पट्टीच्या मधल्या दोन ओळींतली दहा झाडे घ्यावीत, प्रत्येकाची खालची, मधली आणि वरची पाने पाहून किती पृष्ठभाग पांढरा आहे ते अंदाजे टक्क्यांत वहीत लिहावे. मोजणारा माणूस तिन्ही वेळा एकच असावा, आणि शक्य असेल तर कोणत्या पट्टीवर काय मारले आहे हे त्याला सांगू नये. पट्टीवार तोडणीचे वजन वेगळे लिहिले तर खर्च निघतो का, हेही त्याच वहीत दिसते.